डबा गेला

ट्रक बंद पडला की त्याच्याभोवती किती माणसांनी जमावं याला मोटार वाहन कायद्यात मर्यादा घातलेली नाही. मालाच्या वजनाला आहे, बॉडीच्या उंचीला आहे; सल्ल्याला नाही. माझ्या मामांची दहाचाकी लासलगावचा कांदा भरून वाशीला निघाली आणि ओझरच्या पुढे तिने मान टाकली. टोचन लावून ती आडगाव नाक्याजवळच्या एका गॅरेजात आणेपर्यंत सल्लागार मंडळ तिथे हजर होतं. केबिन पुढे झुकवून इंजिन उघडं करताच रस्त्यापलीकडच्या रसवंतीतले दोघे ग्लास हातात घेऊनच आले.

"डिझेलमध्ये पाणी," पहिला म्हणाला. "हवा घेतली असेल," दुसरा. कुणी पंपावर घसरला, कुणी नोझलवर. एक गृहस्थ स्कूटरचं पंक्चर काढायला आले होते. त्यांनी लांबूनच, खिशातले हात बाहेर न काढता, निदान केलं, "डबा गेला."

हे गृहस्थ शेवटी बरोबर निघाले. अशी माणसं बरोबर निघतात हा सल्ल्याच्या व्यवसायातला मोठा अन्याय आहे, कारण कोणतीही गाडी दाखवली तरी ते हेच सांगतात. हेडलाइट लागत नसला तरी डबा, हॉर्न वाजत नसला तरी डबा.

डबा म्हणजे ईसीएम. इंजिनाचा सगळा कारभार पाहणारा संगणक. वहीच्या आकाराची ॲल्युमिनियमची चपटी पेटी, इंजिनाच्या कुशीला रबरी बुशांवर बसवलेली, आणि तिच्यात शिरणारे दोन जाडजूड कपलर. हिला धक्के बसू नयेत, पाणी लागू नये, ताप होऊ नये म्हणून केवढी काळजी घेतात! काही इंजिनांत तर तिला गार ठेवायला तिच्या पाठीमागून डिझेल खेळवतात. ड्रायव्हरला मे महिन्यात साधा पंखा नसतो.

पूर्वी हे काही नव्हतं. ड्रायव्हर ॲक्सिलरेटर दाबायचा, दांडी सरकायची, पंप जास्त डिझेल सोडायचा आणि गाडी काळा धूर सोडून पुढे जायची. पायाचा आणि इंजिनाचा संबंध थेट होता. मिस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावायचा, डोळे मिटायचा, आणि "तिसऱ्याचं नोझल" असं सांगून चहा मागवायचा. मग प्रदूषणाचे नियम आले. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ लागू झालं, आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६. पाचवीची परीक्षा सरकारने घेतलीच नाही, थेट सहावीत ढकललं. आता नोझलांना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, म्हणजे रेलमध्ये, डिझेलचा दाब हवेच्या दाबाच्या दीड-दोन हजार पट असतो, आणि एकेका स्फोटासाठी ते सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात, कधी दोन-तीन हप्त्यांत, शिंपडायचं असतं. हे काम दांडीचं नव्हे. तेव्हा पाय आणि इंजिन यांच्यामध्ये डबा बसला. पाय आता फक्त अर्ज करतो. अर्जही दोन प्रतींत: पेडलमध्ये दोन सेन्सर असतात, दोघांचे आकडे एकमेकांशी जुळले तरच अर्ज ग्राह्य धरला जातो. मग डबा हवा बघतो, तापमान बघतो, दाब बघतो, एक्झॉस्टमध्ये मारायच्या युरियाची टाकी भरलेली आहे का बघतो, आणि मंजुरी देतो किंवा देत नाही.

मामांच्या गाडीत मंजुरी बंद झाली होती. इंजिन चालू होत होतं, पण पेडल तळाला टेकवलं तरी आवाज तसाच, न्यूट्रलला उभ्या गाडीचा. मीटरवर पिवळा दिवा होता, त्याच्या शेजारी आता लालही आला होता. ड्रायव्हरने परंपरेप्रमाणे चावी काढून पुन्हा घातली होती, बॅटरीची चिमटी हलवली होती आणि पुढच्या बंपरला बांधलेली लिंबू-मिरची बदलली होती.

गॅरेजात लॅपटॉपवाला पोरगा होता. हल्ली प्रत्येक गॅरेजात एक असतो. त्याचे हात स्वच्छ असतात म्हणून बाकीचे त्याला जरा वचकून असतात. त्याने स्टिअरिंगखालच्या सॉकेटात वायर खोचली, लॅपटॉप बोनेटवर ठेवायला गेला, बोनेटच नाही हे लक्षात आल्यावर टायरवर ठेवला, आणि पडद्यावर यादी उमटली. पेडलचा पहिला सेन्सर. रेल प्रेशर. बूस्ट प्रेशर. ऑइल प्रेशर. अशी सात नावं.

"सात सेन्सर गेले," पोरगा म्हणाला.

"सातही?" मामा म्हणाले. "एकमेकांना विचारून गेले का?"

पोरग्याने लॅपटॉप मामांकडे वळवला. लेखी आहे म्हटल्यावर आपल्याकडे वाद मिटतो. गॅरेजमालकाने लगेच पाटीवर सात सेन्सरांचा हिशेब मांडायला घेतला. मामा त्या खडूकडे टक लावून बघत होते. मागे कांदा होता, ताडपत्रीवर ऊन तापत होतं, आणि वाशीचा व्यापारी दर थोड्या वेळाने फोन करून "निघाली का?" असं विचारत होता. ड्रायव्हर प्रत्येक वेळी "निघतेच आहे" म्हणत होता. ही वाक्यं महामार्गावर दोन्ही बाजूंना तोंडपाठ असतात.

माझं स्वतःचं मत असं की लॅपटॉपवर उमटलेला कोड म्हणजे फिर्याद असते, निकाल नव्हे. डबा एवढंच सांगतो की अमुक तारेवर मला जो आकडा दिसायला हवा तो दिसत नाही. सेन्सर खराब आहे, तार तुटली आहे, कपलरमध्ये पाणी गेलंय की उंदराने रात्री जेवण उरकलंय, हे त्याला डब्यात बसून कसं कळणार? पण छापील इंग्रजीत आलेल्या फिर्यादीवर आपण थेट फाशी देतो.

फाशी टळली ती उस्तादांमुळे. उस्ताद म्हणजे शेजारच्या टपरीतले ऑटो इलेक्ट्रिशियन. वय साठीच्या पुढचं, कमरेला टेस्ट लॅम्प, खिशात मल्टिमीटर, डोळ्यांवर एका काडीला तार गुंडाळलेला चष्मा. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पाटीवरचा आकडा वाढत चाललेला बघून ते उठून आले. त्यांनी यादी वाचली नाही, पोरग्यालाच वाचायला लावली आणि म्हणाले, "सगळं वऱ्हाड एकदम आजारी पडलं, तर वऱ्हाडी बदलायचे नसतात बेटा. आचारी शोधायचा."

मग त्यांनी आचारी कोण ते सांगितलं. ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट होतात. पण यातले पुष्कळसे सेन्सर २४ व्होल्टवर चालत नाहीत. त्यांना डबाच मोजून ५ व्होल्ट वाढतो, आणि एकेका ओळीवर बरेच जण जेवायला बसलेले असतात. ते पाच व्होल्टच आले नाहीत तर ओळीतले सगळे एकदम बोंबलणार.

"खाली सरकव," उस्ताद म्हणाले.

पोरग्याने यादी खाली सरकवली. आठवी ओळ होती: सेन्सर सप्लाय व्होल्टेज लो. पडद्यावर सातच मावत होत्या.

पाटीवरचा हिशेब पुसला गेला. पंक्चरवाल्या गृहस्थांची स्कूटर केव्हाच तयार झाली होती, पण ते हलले नव्हते. "म्हणजे डबाच की," ते म्हणाले.

इथे उस्तादांनी त्यांच्याकडे पहिल्यांदा पाहिलं. "डबा शेवटी," ते म्हणाले. "आधी बाकी सगळे."

या दोन शब्दांत किती पैसे वाचतात ते मामांसारख्या माणसाला सांगायला नको. डबा लाखाच्या घरात, आणि बसवल्यावर कळलं की दोष वायरीत होता, तर परत घेत नाहीत. शिवाय ज्या दोषाने जुना गेला तोच नव्यालाही खातो. म्हणून उस्तादांनी जो तपास आरंभला त्याचा वेग पाहून रसवंतीतले दोघे निराश होऊन परत गेले.

आधी बॅटरीची टोकं. मग फ्यूज, नुसते बघून नव्हे, काढून, दोन्ही बाजूंनी मोजून. मग रिले. मग अर्थिंग. अर्थिंगची तपासणी मी जवळ उभा राहून पाहिली. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल पिन डब्याच्या अर्थच्या तारेवर, आणि क्लीनरला सांगितलं, "सेल्फ मार." इंजिन घुरघुरलं, आणि उस्ताद आकडा बघत राहिले. या दोन टोकांमध्ये जवळजवळ शून्य दिसायला हवं. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर अर्थ कुठेतरी गंजला आहे. नुसतं वायर जोडलेली आहे की नाही एवढंच बघितलं तर गंजलेली वायरही जोडलेलीच दिसते. शून्याच्या जवळपासच आलं. उस्तादांना त्याचं थोडं वाईट वाटलं असावं. त्यांनी तीच तपासणी पुन्हा केली.

मग बॅटरीचा कटऑफ बंद करून त्यांनी एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारांमध्ये मीटर लावला. "साठ," ते म्हणाले आणि पुढे गेले. मी विचारलं, साठ काय? "साठ म्हणजे घरात भांडण नाही." डबा, मीटर, ब्रेकचा संगणक असे सगळे या दोन तारांवरून आपसात बोलतात. या पद्धतीला कॅन म्हणतात. बॉश कंपनीने ती १९८६ मध्ये डेट्रॉइटला जगापुढे मांडली. तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो, दोन्ही मिळून मीटरवर ६० दिसतात. लॅपटॉपवर यादी आली म्हणजे बोलणं चालू होतं, तेव्हा हे मोजायची गरज नव्हती. पण एकदा तपास म्हटला की उस्ताद कुणाला सोडत नसत.

आता राहिले सेन्सर. कारण ओळीतल्या एका सेन्सरने जरी आत शॉर्ट केलं, तरी तो सगळ्यांचे पाच व्होल्ट खाली खेचतो. तेव्हा एकेकाचा कपलर काढायचा आणि आकडा वर चढतो का ते बघायचं. उस्ताद गाडीखाली, मीटर क्लीनरच्या हातात.

"काढला. किती?"

"एक पॉइंट आठ."

"हा काढला. आता?"

"एक पॉइंट आठ."

"आता?"

"एक पॉइंट आठ."

क्लीनरचा आवाज सुरुवातीला क्रिकेटच्या कॉमेंट्रीसारखा होता, पुढे पुढे तो पाढे म्हणू लागला. सातही निघाले. एक पॉइंट आठ. मध्ये एकदा मोठा उत्साह पसरला: इंजिनाच्या मागे, पट्टीखाली, वायरिंगचं वेष्टण घासून आतलं तांबं दिसत होतं. सगळी मंडळी वाकून वाकून ते तांबं बघून आली. गॅरेजमालकाने "मी म्हणत होतो वायरिंगच" असं जाहीर केलं, जे त्याने म्हटलं नव्हतं. उस्तादांनी टेप गुंडाळली, पट्टी सैल केली, चावी ऑन केली.

"एक पॉइंट आठ," क्लीनर म्हणाला.

शेवटी त्यांनी डब्याचा मोठा कपलर सोडवला, बारीक सळईने पाच व्होल्टची ती पिनच त्यातून बाहेर काढली, म्हणजे बाहेरच्या जगाशी डब्याचा त्या ओळीपुरता संबंध संपला, आणि कपलर पुन्हा लावून थेट डब्याच्या तोंडाशी मोजलं. बाहेर खाणारा कुणी नाही, आत येणारे २४ व्होल्ट पूर्ण, अर्थ साफ. तरीही १.८.

उस्ताद चष्मा पुसत म्हणाले, "डबा गेला."

स्कूटरवाल्या गृहस्थांनी किक मारली. त्यांचं काम झालं होतं.

पण उस्तादांचं झालं नव्हतं. "वेल्डिंग कधी केलंत?" त्यांनी मामांना विचारलं.

"वेल्डिंग? कसलं वेल्डिंग? केलंच नाही."

उस्ताद काही न बोलता गाडीच्या मागे गेले. फाळक्याच्या बिजागरीशी हाताएवढा भाग बाकीच्या बॉडीपेक्षा जास्त निळा होता. त्यांनी तो नखाने खरवडला. रंग ओला नव्हता, पण जुनाही नव्हता. मामा आभाळाकडे पाहू लागले. गावातल्या वेल्डरने दोनशे रुपयांत काम केलं होतं, बॅटरी सोडवली नव्हती, आणि आपल्या मशीनचा अर्थचा चिमटा सोयीस्कर म्हणून पार पुढे चॅसिसला लावला होता. वेल्डिंगचा प्रवाह मग घरी जायला मिळेल ती वाट धरतो. वाटेत संगणक आहे की काय हे तो विचारत नाही. डबा लगेच मरतोच असंही नाही. कधी नुसता अधू होतो आणि महिन्याभराने, माल भरलेला असताना, मरतो. उस्ताद म्हणाले, बॅटरीची दोन्ही टोकं सोडायची, डब्याचे कपलर काढायचे आणि अर्थचा चिमटा वेल्डिंगच्या शेजारीच लावायचा. "दहा मिनिटांचं काम आहे." मामा म्हणाले, "रंग फार भडक दिला त्याने."

कांदा दुसऱ्या गाडीत भरून वाशीला गेला, भाडं त्याच्याबरोबर गेलं, आणि आमची गाडी डब्याची वाट बघत राहिली. वॉरंटीत बसेल का याची मामांनी चौकशी केली. वॉरंटीच्या कागदावर पाणी, उंदीर आणि वेल्डिंग ही तिन्ही नावं एका ओळीत होती, म्हणजे लिहिणारा माणूस आपल्याकडचा असावा. भंगारवाल्याकडे अपघातातल्या गाडीचा डबा निम्म्याहून कमी किमतीत होता. पण त्याच्या पोटात त्या गाडीचा चॅसिस नंबर, त्या गाडीचं किल्लीचं कुलूप आणि त्या गाडीचे संस्कार. दुसऱ्याची स्मरणशक्ती आपल्या इंजिनाला लावायला मामांचं मन धजेना. शहरात डबे उघडून दुरुस्त करणारेही आहेत, कुणाकुणाला यशही येतं. पण या डब्यात आतल्या पाटीवर चिकट लेप ओतलेला होता आणि जो उघडेल तो आधी लेप खरवडत बसणार. मामांनी नवा मागवला.

नवा डबा बसवायला लागला अर्धा तास. मोजके बोल्ट, चार बुश, दोन कपलर. एवढ्याचे एवढे पैसे? असं मामांच्या चेहऱ्यावर उमटेपर्यंत पोरगा म्हणाला, "हा कोरा आहे." कोरा म्हणजे त्याला आपण ट्रकमध्ये आहोत हेही माहीत नसतं. चॅसिस नंबर सांगून कंपनीच्या सर्व्हरवरून त्या गाडीचं सॉफ्टवेअर उतरवायचं आणि आत भरायचं. तेवढा वेळ बॅटरीचा दाब पडता कामा नये, लॅपटॉप बंद पडता कामा नये, वायर हलता कामा नये. अर्धवट भरला गेला तर लाखाचा डबा पेपरवेट होण्याची भीती. गाडीच्या बॅटरीला चार्जर लावला. इंटरनेट ड्रायव्हरच्या मोबाइलचं. टक्केवारी चढू लागली आणि नेमका त्या मोबाइलवर फोन आला. वाशीचा व्यापारी. ड्रायव्हरने हात पुढे केला, तेव्हा पोरगा ज्या स्वरात ओरडला तो त्याच्या स्वच्छ हातांना शोभणारा नव्हता. पण सर्व्हरवरचं सगळं आधीच उतरून झालेलं होतं. फोन वाजून वाजून थांबला. टक्केवारी चढत राहिली.

नंतर नोझलचे नंबर. हे मला ठाऊक नव्हतं: कारखान्यात एकसारखे बनवलेले इंजेक्टरही केसभर वेगळे असतात, कुणी थोडं जास्त डिझेल सोडतो, कुणी कमी. म्हणून प्रत्येकाच्या डोक्यावर त्याच्या स्वभावाचा एक कोड कोरलेला असतो आणि तो डब्याला सांगावा लागतो, नाहीतर इंजिन धडधडतं किंवा धुरकटतं. सहा सिलिंडर, सहा कोड, आणि प्रत्येकावर काळ्या ऑइलचा थर. क्लीनरने थुंकी लावून पुसलं. आरसा धरला, बॅटरी मारली, मोबाइलने फोटो काढले, आणि मग इंग्रजी आठ की बी, शून्य की ओ, यावर गॅरेजात जी चर्चा झाली तिच्यात सातवी पास क्लीनरचं मत शेवटी ग्राह्य धरलं गेलं, कारण नजर त्याचीच चांगली होती.

चावी ऑन. मीटरवरचे सगळे दिवे लागले आणि एकेक करून विझले. सेल्फ. पेडल. इंजिनाने अर्ज मंजूर केला. मामांनी स्वतः केबिनमध्ये बसून तो चार-पाच वेळा मंजूर करून घेतला.

गॅरेजमालकाचं बिल पानभर झालं. उस्तादांनी पाचशे रुपये मागितले. मामांनी घासाघीस केली ती उस्तादांशी. सवय. उस्तादही चारशेवर आले, तेही सवयीनेच. मग मामांनी पाचशेची नोट दिली आणि सुटे नकोत म्हणाले, म्हणजे दोघांचाही मान राहिला.

आता मामा या विषयातले अधिकारी झाले आहेत. परवा गावी शेजाऱ्यांच्या गोठ्याच्या पत्र्याला अँगल वेल्ड करायला तोच वेल्डर आला होता. ठिणगी दिसताच मामा चप्पल न घालता पळत गेले आणि काम थांबवलं.

"आधी बॅटरी सोड."

"कशाची?" वेल्डरने चष्मा वर केला. गोठ्यात दोन म्हशी होत्या.

मामांनी चौफेर पाहिलं. शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर त्या दिवशी खालच्या मळ्यात नांगरत होता. मामांनी तिकडे फोन लावला.